साखरशाळा

ऊसतोडीला निघालेल्या आई-बापांबरोबर साखर कारखान्यावर येऊन राहणाऱ्या मुलांसाठी गळीत हंगामापुरती भरणारी शाळा. महाराष्ट्रात या शाळा मुख्यतः स्वयंसेवी संस्थांनी चालवल्या. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी वसई परिसरात विधायक संसदेने काढलेल्या भोंगाशाळा आणि वाघोलीच्या दगडखाणींवरच्या संतुलन संस्थेच्या पाषाणशाळा याच जातीच्या. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाच्या मुक्कामी जावे, हा त्या सगळ्यांमागचा विचार.

दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. काही कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे जातात, काही थेट कर्नाटकात. खानदेशातल्या आदिवासी टोळ्या गुजरातेत उतरतात. निघण्यापूर्वी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती बहुधा पावसाळ्यातच खर्चून गेलेली असते: दवाखाना, लग्न, जुने देणे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मजुरी टनावर मिळते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपयांच्या घरात गेला. उचल फिटेपर्यंत फड (तोडणीचे शेत) सोडता येत नाही आणि एका हंगामात न फिटलेली उचल पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते.

मुले सोबत येतात, कारण मागे त्यांना सांभाळायला कोणी उरत नाही. पण ती नुसती येत नाहीत, कामालाही लागतात. आई पहाटेच फडात गेली की आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीत (तळावरच्या झोपडीत) तान्ह्या भावाला घेऊन बसते, पाणी भरते, भाकरी थापते. मुलगे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधतात, बैलांकडे बघतात. गावच्या शाळेचे पहिले सत्र कसेबसे होते, दुसरे संपूर्ण बुडते. टोळी परतते तोवर वार्षिक परीक्षा बहुधा होऊन गेलेली असते. अशी दोन-तीन वर्षे गेली की पटावर नाव राहते आणि मुलाला मात्र वाचता येत नाही. पुढे तेच मूल कोयता हाती घेते. मुलांच्या आळसाला किंवा पालकांच्या अज्ञानाला दोष देणाऱ्यांनी शाळेचे आणि कारखान्याचे वेळापत्रक एकदा शेजारी ठेवून पाहावे.

2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) जनार्थ संस्थेने साखरशाळांचे काम पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांवर नेले. कारखान्याने जागा द्यायची, संस्थेने शिक्षक नेमायचे आणि कोप्यांच्या तळाला लागूनच शाळा भरवायची, अशी साधारण पद्धत. टोळ्या एकदम येत नसत, त्यामुळे पट आठवड्याआठवड्याला बदलत राही. शिक्षकाचे पहिले काम म्हणजे कोपीकोपीत फिरून मुले गोळा करणे. चौथीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे रोजचेच. म्हणून इयत्तेपेक्षा मुलाला काय येते ते पाहून गट पाडावे लागत. धाकटे भावंड कडेवर घेऊन मुलगी आली तर तिला परत पाठवून चालत नसे. जिथे शाळेला जोडून बालवाडी होती तिथे मुलींची हजेरी टिकली. हंगाम संपताना मुलाची परीक्षा होऊन त्याचा निकाल गावच्या शाळेत मान्य होणे सर्वांत महत्त्वाचे, नाहीतर सहा महिन्यांचे शिकणे कागदावर शून्यच.

या पद्धतीची एक मोठी मर्यादा होती. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या गाडी सेंटरच्या टोळ्या कारखान्याजवळ एका जागी तळ ठोकतात, तिथे शाळा काढता येते. डोकी सेंटरच्या टोळ्या डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरतात आणि फड संपेल तसा मुक्काम हलवतात. त्यांची मुले दूर गावोगाव विखुरलेली असतात आणि बहुतेक वेळा शाळेबाहेरच राहिली.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. प्रत्येक मुलाला जवळच्या नियमित शाळेत वयानुरूप प्रवेश मिळाला पाहिजे, अशी त्याची भूमिका असल्याने वेगळ्या साखरशाळा हळूहळू मागे पडल्या. तत्त्व योग्यच होते. साखरशाळा ही कायमची व्यवस्था व्हावी असे कोणालाच वाटत नव्हते. पण जवळची शाळा अनेकदा दोन-तीन किलोमीटरवर, वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ, आणि अर्ध्या वर्षात आलेल्या परक्या मुलांना सामावून घेण्याची तिथे तयारी नाही, असे झाल्यावर कोपीतले मूल कोपीतच राहिले. पर्यायी शाळा बंद करण्याआधी नियमित शाळेत ही मुले खरोखर पोहोचतात का, हे पाहायला हवे होते.

दुसरा मार्ग मुलाचे स्थलांतरच थांबवण्याचा. हंगामी वसतिगृह योजनेत मूल गावातच, बहुधा आजी-आजोबांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत केली जाते. निधी वेळेवर आला आणि वसतिगृह टोळी निघण्याआधी सुरू झाले तरच याचा उपयोग. टोळी एकदा निघाली की मूल तिच्याबरोबर गेलेले असते. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी येथील शांतिवनासारख्या संस्थांनी वर्षभराच्या निवासी शाळेचा मार्ग निवडला.

वयात आलेल्या मुलींचा प्रश्न या दोन्ही मार्गांनी पुरता सुटलेला नाही. तिला मागे ठेवायला आई-बाप घाबरतात, सोबत न्यायलाही घाबरतात. कोपीला दार नसते, न्हाणीघर नसते. मग लवकर लग्न लावून दिले जाते, आणि नव्या जोडप्याचा नवा कोयता तयार होतो. त्यामुळे या भागातल्या संस्था आता शाळेबरोबरच बालविवाह, ऊसतोड बायकांचे आरोग्य आणि मजूर म्हणून त्यांची स्वतंत्र नोंद या कामांतही उतरल्या आहेत.