ट्रान्सफर प्रायसिंग

ट्रान्सफर प्रायसिंग म्हणजे एकाच मालकाच्या दोन कंपन्या, एक या देशात आणि दुसरी त्या देशात, एकमेकींना माल विकतात, सेवा देतात, कर्ज देतात किंवा ब्रँड वापरू देतात तेव्हा जो भाव लावतात तो, आणि तो भाव योग्य आहे का हे बघायचे करखात्याचे नियम, दोन्हीला हाच शब्द. मराठीत हस्तांतरण किंमत म्हणता येईल पण सीए, वकील, आयकर अधिकारी सगळे ट्रान्सफर प्रायसिंग किंवा नुसतं टीपीच म्हणतात.

भाव एवढा महत्त्वाचा का, तर ग्रुपच्या दृष्टीने हा या खिशातला पैसा त्या खिशात टाकण्याचा प्रकार असतो, एकूण नफा तेवढाच राहतो, पण दोन खिसे दोन देशांत असल्यामुळे कोणत्या सरकारला किती टॅक्स मिळणार ते त्या भावावर ठरतं. समजा एक पार्ट भारतात ७० रुपयांत बनतो आणि शेवटी जर्मनीत १०० ला विकला जातो, म्हणजे ३० रुपये नफा. भारतातल्या कंपनीने तो ग्रुपमधल्याच तिसऱ्या, कमी टॅक्सवाल्या देशातल्या कंपनीला ७२ ला विकला आणि तिने जर्मनीतल्या कंपनीला ९८ ला दिला तर भारतात २ रुपये नफा, जर्मनीत २, आणि मधल्या देशात २६, जिथे माल उतरलासुद्धा नाही, फक्त बिल फिरलं. कारखान्याचे रस्ते, पाणी, कामगार इथले, ग्राहक तिकडचा, आणि नफा भलतीकडेच. सगळ्या ट्रान्सफर प्रायसिंग कायद्यांची गरज इथूनच निर्माण होते.

माझगाव डॉकची केस

हा विषय २००० नंतर आयटी कंपन्यांबरोबर आला असं बरेच जण समजतात, पण मुंबईत तो त्याच्या खूप आधीचा आहे. माझगाव डॉक ही तेव्हा खाजगी कंपनी होती (सरकारने ती १९६० मध्ये घेतली) आणि तिचे शेअर्स पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या दोन ब्रिटिश जहाज कंपन्यांकडे होते. माझगाव डॉक या दोन्ही कंपन्यांची जहाजं दुरुस्त करायची आणि बिल लावायची फक्त खर्चाएवढं, नफा शून्य. बाहेरच्या गिऱ्हाइकाचं जहाज आलं की मात्र नेहमीचा रेट. आयकर खात्याने १९२२ च्या कायद्याचं कलम ४२(२) काढलं, त्यात असं होतं की परदेशी माणूस आणि इथला माणूस यांचं जवळचं नातं असेल आणि व्यवहार असा लावलेला असेल की इथल्याला नफाच उरत नाही किंवा साधारणपणे मिळेल त्यापेक्षा कमी उरतो, तर त्या नफ्यावर कर लावता येईल. कंपनीचं एक म्हणणं असं होतं की आपलं जहाज दुरुस्तीला टाकणं याला काही धंदा करणं म्हणत नाहीत. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९५८ मध्ये कंपनी हरली. आज हिंजवडीच्या एखाद्या कंपनीच्या फाइलमध्ये जो वाद दिसतो तो मुळात हाच, फक्त जहाजाच्या जागी सॉफ्टवेअर आलंय.

आर्म्स लेंग्थ, म्हणजे परक्याचा भाव

जगभर जे तत्त्व वापरतात त्याला आर्म्स लेंग्थ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर परक्याला जो भाव लावला असता तोच घरच्याला लावा. अमेरिकेच्या १९३५ च्या कर नियमांत हे आलं होतं, त्याच सुमाराला लीग ऑफ नेशन्ससाठी मिचेल कॅरोल यांनी वेगवेगळ्या देशांत परदेशी कंपन्यांचा नफा कसा वाटतात याचा अभ्यास केला, त्यांचा रिपोर्ट १९३३ चा, आणि प्रत्येक कंपनी स्वतंत्र आहे असं धरून तिचा हिशेब करायचा ही पद्धत तिथून देशादेशांमधल्या करकरारांमध्ये रुजली. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने १९७९ मध्ये रिपोर्ट काढला, १९९५ मध्ये गाइडलाइन्स, आणि त्याच आता बहुतेक देश कमीजास्त फरकाने पाळतात. ब्राझीलने कितीतरी वर्षं स्वतःचे ठरलेले मार्जिन वापरले, अमुक धंदा असेल तर अमुक टक्के, वादच नको, पण त्यांनीही २०२३ मध्ये कायदा बदलला आणि २०२४ पासून आर्म्स लेंग्थवर आले.

भारतात सविस्तर नियम आले ते २००१ च्या फायनान्स अ‍ॅक्टने, १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ९२ ते ९२एफ. भाव काढायच्या पाच पद्धती दिल्या, सहावी 'इतर' म्हणून नंतर आली. यातली सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे तोच माल परक्याला कितीला विकला ते बघणं, पण तसा व्यवहार क्वचितच सापडतो, म्हणून प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चालते ती टीएनएमएम, म्हणजे भाव बघायचाच नाही, कंपनीला शेवटी किती टक्के नफा राहिला ते बघायचं आणि तसंच काम करणाऱ्या स्वतंत्र कंपन्यांना किती राहतो त्याच्याशी लावून बघायचं. परदेशातल्या ग्रुप कंपनीशी व्यवहार असला की सीएचा रिपोर्ट (१९६१ च्या कायद्यात त्याचं नाव ३सीईबी) द्यावा लागतो, व्यवहार १ कोटीच्या वर असतील तर सगळं डॉक्युमेंटेशन ठेवावं लागतं, आणि ते ठेवलं नाही तर दंड व्यवहाराच्या २ टक्के, नफ्याच्या नाही तर पूर्ण व्यवहाराच्या, म्हणून याला कोणी हलकं घेत नाही.

एका फाइलमध्ये काय असतं

एक काल्पनिक पण रोजच्यातलं उदाहरण घेऊ. पुण्यात हिंजवडीला एका जर्मन ग्रुपचं इंजिनिअरिंग सेंटर आहे, वर्षाचा सगळा खर्च १०० कोटी, पगार, भाडं, बस, कॅन्टीन सगळं धरून. आईकंपनीशी करार कॉस्ट प्लस १० टक्के, म्हणजे बिल ११० कोटी, भारतात नफा १० कोटी, त्यावर टॅक्स भरला. फाइल ट्रान्सफर प्रायसिंग ऑफिसरकडे, म्हणजे टीपीओकडे जाते. कंपनीच्या सल्लागाराने प्रोवेस आणि कॅपिटालाइन या डेटाबेसमधून शोधून दहा-बारा भारतीय कंपन्या काढलेल्या असतात, यांना कम्पॅरेबल्स म्हणतात, आणि त्यांचं मार्जिन १० च्या आसपास दाखवलेलं असतं. टीपीओ त्यातल्या कमी मार्जिनच्या चार काढून टाकतो, स्वतःच्या तीन घालतो आणि आकडा १८ वर जातो. मग बिल ११८ कोटींचं हवं होतं, म्हणून ८ कोटी उत्पन्न वाढवलं, २५ टक्क्यांच्या आसपास रेट धरला तर टॅक्स साधारण २ कोटी आणि वर व्याज. आणि गोष्ट तिथेच संपत नाही, कारण हेच ८ कोटी जर्मनीत आईकंपनीच्या नफ्यात आधीच धरलेले आहेत आणि तिकडे त्यावर टॅक्स भरून झालाय, म्हणजे एकाच पैशावर दोनदा. तो सोडवायचा तर दोन देशांच्या अधिकाऱ्यांनी त्या देशांमधल्या करकरारातल्या मॅप नावाच्या प्रक्रियेत बसून बोलायचं, त्याला वर्षं लागतात.

म्हणून सगळी लढाई कम्पॅरेबल्सवर असते. कोण यादीत राहणार, कोण जाणार. ॲग्निटी इंडिया नावाच्या कंपनीच्या केसमध्ये खात्याने तुलनेला इन्फोसिस घेतली होती, ॲग्निटीची उलाढाल १६ कोटींची आणि इन्फोसिसची ९ हजार कोटींच्या वर, एकीकडे स्वतःचा ब्रँड, स्वतःची प्रॉडक्ट्स, सगळी रिस्क स्वतःची, दुसरीकडे फक्त आईकंपनीचं काम करून देणारं छोटं युनिट. दिल्ली हायकोर्टाने २०१३ मध्ये इन्फोसिस बाहेर काढली ते योग्यच झालं, आणि नंतर असंख्य केसेसमध्ये हा निकाल वापरला गेला.

पण नाण्याची दुसरी बाजू पण तेवढीच खरी आहे आणि ती नीट सांगायला हवी. अशा सेंटर्सना कागदावर 'रुटीन' म्हणतात, म्हणजे सांगितलेलं काम करणारे, रिस्क नाही, म्हणून ठराविक मार्जिन घ्या आणि गप्प बसा. वीस वर्षांपूर्वी कोडिंग आणि टेस्टिंगच इथे व्हायचं तेव्हा ते पटण्यासारखं होतं, पण आज एखाद्या गाडीची किंवा मशीनची अख्खी डिझाइन पुण्यात होत असेल, इथल्या माणसांच्या नावावर पेटंट्स निघत असतील आणि ती पेटंट्स मालकीने तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतील तर कॉस्ट प्लस १० मध्ये त्या माणसांच्या डोक्याची किंमत येत नाही. ओईसीडीच्या नव्या नियमांत कागदावरचा मालक कोण यापेक्षा विकसित कोण करतं, सांभाळतं, निर्णय कोण घेतं हे बघायला सांगितलंय, भारताच्या दृष्टीने हा फार कामाचा मुद्दा आहे आणि करारातल्या शब्दांपेक्षा प्रत्यक्ष कामाकडे बघून तो लावायला हवा.

खातं जास्त पुढे गेलं तेव्हा

मुंबईतली सगळ्यात गाजलेली टीपी केस म्हणजे व्होडाफोन इंडिया सर्व्हिसेस, हच ही मोबाइल कंपनी विकत घेतल्याची २०१२ ची केस वेगळी, यात बरेच जण गोंधळ करतात. या कंपनीने आपल्या परदेशी आईकंपनीला २,८९,२२४ शेअर्स ८,५१९ रुपयांना एक असे दिले. टीपीओ म्हणाला एका शेअरची किंमत ५३,७७५ हवी होती. फरक १,३०८.९१ कोटींचा. खात्याचं म्हणणं असं की हे पैसे आईकंपनीकडून यायला हवे होते, आले नाहीत म्हणजे तिला कर्ज दिल्यासारखंच झालं, तेव्हा त्यावर ८८.३५ कोटी व्याजही धरा. मुंबई हायकोर्टाने १० ऑक्टोबर २०१४ ला हे सगळं रद्द केलं, कारण शेअर्स देऊन भांडवल घेणं हे उत्पन्नच नाही आणि उत्पन्न नसेल तर भाव कितीही असो, ट्रान्सफर प्रायसिंगचं प्रकरण लागतच नाही. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने अपील न करायचं ठरवलं. भाव तपासायचा कायदा हा कर लावायचा नवा कायदा नाही, हे या निकालाने पक्कं केलं.

वाद कमी व्हावेत म्हणून दोन वाटा आहेत. एक सेफ हार्बर, म्हणजे सरकारच आकडा सांगतं, एवढं मार्जिन दाखवा आणि आम्ही भाव मान्य करतो. २०१३ मध्ये सॉफ्टवेअरला २० आणि २२ टक्के ठेवले होते, ते कुणाला परवडेना, म्हणून २०१७ मध्ये १७-१८ वर आणले. दुसरी वाट एपीए, म्हणजे ॲडव्हान्स प्रायसिंग ॲग्रीमेंट, २०१२ पासून, यात कंपनी आणि सीबीडीटी, म्हणजे आयकर खात्याचं वरचं मंडळ, आधीच बसून पाच वर्षांचा भाव ठरवतात, मागची चार वर्षंही त्यात घेता येतात, आणि दुपदरी एपीए असेल तर दुसरा देशही सही करतो म्हणजे दोनदा टॅक्सचा प्रश्नच मिटतो. मार्च २०२५ पर्यंत असे ८०० च्या वर करार झाले. हे काम चांगलं झालंय असंच म्हणावं लागेल.

बाहेरच्या देशांत

औषध कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने अमेरिकेच्या करखात्याशी २००६ मध्ये ३.४ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली, तिथे वाद होता झँटॅकसारख्या औषधांचा नफा संशोधन करणाऱ्या ब्रिटनचा की मार्केटिंग करणाऱ्या अमेरिकेचा. कोका-कोलाच्या केसमध्ये उलटं, आयर्लंड, ब्राझील, मेक्सिको अशा देशांतले सिरप बनवणारे कारखाने भरपूर नफा ठेवत होते आणि ब्रँड अमेरिकेचा, २०२० मध्ये तिथलं टॅक्स कोर्ट खात्याच्या बाजूने गेलं, कंपनीने २०२४ मध्ये ६ अब्ज डॉलर भरून अपील केलं.

पण या विषयाचं खरं महत्त्व कळतं ते झांबियात. मोपानी ही तिथली तांब्याची खाण कंपनी आपलं तांबं स्वित्झर्लंडमधल्या ग्लेनकोर या आपल्याच ग्रुपला बाजारापेक्षा स्वस्त विकत होती. झांबियाच्या महसूल खात्याने केस लढवली आणि २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात जिंकली. तांब्याला निदान जगभराचा जाहीर भाव आहे, म्हणून हे जमलं. ब्रँडला, अल्गोरिदमला, पेटंटला कुठला बाजारभाव लावणार? आणि लहान देशांत तर तुलनेला कंपन्याच नसतात, मग युरोपातल्या कंपन्यांचे आकडे आणून त्यावर आफ्रिकेतला भाव ठरवायचा, हे मुळातच बरोबर वाटत नाही.

यावर उपाय म्हणून काही जण म्हणतात की अंतर्गत भाव बघूच नका, ग्रुपचा सगळा नफा एकत्र घ्या आणि कुठे किती माणसं, किती मालमत्ता, किती विक्री त्या हिशेबाने देशांत वाटा. अमेरिकेतली राज्यं आपापसात बरीच वर्षं असंच काहीतरी करतात. माणसांचं वजन नीट धरलं तर भारताला यात फायदा आहे, पण सूत्रात कशाला किती वजन यावर सगळ्या देशांचं एकमत होणं सोपं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी किमान १५ टक्के कराला मान्यता दिली, ७५ कोटी युरोच्या वर उलाढालीच्या ग्रुपना. त्यामुळे नफा शून्य टॅक्सच्या देशात नेण्याची हौस कमी होते हे खरं, पण कोणत्या देशात किती नफा झाला ते मोजल्याशिवाय तिथे १५ टक्के भरले का ते कळत नाही, आणि तो नफा ग्रुपच्या आतल्या बिलांवरूनच निघतो. भारतात १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू, त्यात कलमांचे नंबर बदलले, आर्म्स लेंग्थ तसंच राहिलं. एप्रिल २०२३ मध्ये सॅप लॅब्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आयकर ट्रिब्युनलने, म्हणजे हायकोर्टाच्या खालच्या अपील मंचाने, ठरवलेला भाव हाच शेवटचा असं नाही, कायद्याने दिलेल्या पद्धती पाळल्या का ते हायकोर्ट बघू शकतं, आणि कम्पॅरेबल्सच्या वादाची बरीच अपिलं पुन्हा हायकोर्टांकडे गेली.