पब्लिक पॉलिसीच्या विद्यार्थ्यांना अकॅडमिक इंग्लिश शिकवणं

पब्लिक पॉलिसी म्हणजे सार्वजनिक धोरण या विषयात मास्टर्स वगैरे करणाऱ्यांना विद्यापीठात जे इंग्रजी लागतं, म्हणजे पेपर वाचणं, एसे आणि मेमो लिहिणं, सेमिनारमध्ये मुद्दा मांडणं, ते शिकवण्याचं हे काम. 'इंग्लिश फॉर अकॅडमिक पर्पजेस', थोडक्यात ईएपी, या मोठ्या क्षेत्राचा हा एक छोटा कोपरा आहे. बऱ्याच जणांना वाटतं की हा व्याकरण सुधारायचा क्लास असणार, पण तसा तो नसतो, निदान नीट चालवलेला तरी नसतो. खरी अडचण अशी की या विद्यार्थ्याला एकाच सेमिस्टरमध्ये दोन अगदी उलट स्वभावाच्या वाचकांसाठी लिहावं लागतं. एक असतात प्राध्यापक, ज्यांना आधीचं संशोधन, पद्धत, मर्यादा सगळं सविस्तर हवं असतं, आणि दुसरा असतो निर्णय घेणारा अधिकारी नाहीतर मंत्री, ज्याला पहिल्याच परिच्छेदात 'काय करायचं ते सांगा' एवढंच हवं असतं. या दोघांमध्ये ये-जा करता येणं हेच इथे शिकवायचं असतं, बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

ईएपी हे नाव १९७० च्या दशकात रुळलं. बाहेरच्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या ब्रिटनमधल्या शिक्षकांनी १९७२ मध्ये सेल्मस नावाचा गट काढला, तोच पुढे बालीप झाला. प्रवेशासाठी घेतात त्या परीक्षा वेगळ्या, टोफेल १९६४ पासून आणि आयेल्ट्स १९८९ पासून, पण त्यात चांगला स्कोर आला म्हणून लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहिता येतो असं काही नाही. रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं, ते शाळकरी मुलांबद्दल बोलत होते पण मुद्दा इथेही तंतोतंत लागू पडतो.

आता पॉलिसी हा विषयच मुळात भेसळीचा. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लासवेल यांनी १९५१ च्या सुमाराला 'पॉलिसी सायन्सेस' ही कल्पना मांडली तेव्हापासूनच त्यात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा, स्टॅटिस्टिक्स सगळं एकत्र नांदतंय. त्यामुळे होतं काय की सोमवारी अर्थशास्त्राच्या सरांना मॉडेल आणि गृहीतकं आधी हवी असतात, मंगळवारी राज्यशास्त्राच्या मॅडमना सिद्धांतांची चर्चा हवी असते, बुधवारी कुणीतरी दोन पानांचा मेमो मागतं, आणि तिघंही म्हणतात 'नीट आर्ग्युमेंट करा', फक्त नीट म्हणजे काय ते तिघांचं वेगळं असतं. मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट यांनी १९९८ च्या लेखात नेमकं हेच दाखवलं, की विद्यार्थ्याचं लिखाण कच्चं वाटतं त्यामागे बऱ्याचदा इंग्रजी कच्चं नसतं, तर एका विषयातून दुसऱ्यात जाताना नियम बदलतात आणि ते कुणी उघडपणे सांगत नाही.

शब्दांच्या बाबतीतही तसंच. अव्हेरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडमिक वर्ड लिस्ट, ५७० शब्दकुटुंबांची (म्हणजे एकाच मुळापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची), वर्गात अजून खूप वापरली जाते आणि सुरुवातीला ती बरी पडते. पण केन हायलंड आणि पॉली त्से यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की तोच शब्द वेगवेगळ्या विषयांत वेगळा वागतो, म्हणून शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा आपल्या विषयातले रिपोर्ट वाचून त्यातली वाक्यं उचकटून बघणं जास्त फायद्याचं.

पेपरची प्रस्तावना शिकवताना जॉन स्वेल्स यांचं १९९० मधलं मॉडेल हमखास येतं: आधी क्षेत्र दाखवा, मग त्यातली रिकामी जागा दाखवा, मग ती तुम्ही कशी भरणार ते सांगा. प्राध्यापकांसाठी हे उत्तम. मेमोत मात्र हाच क्रम नेला की तो फसतो. समजा प्रश्न आहे की शहरातली बससेवा फुकट करावी का. पेपरमध्ये आधी इतर शहरांचे अभ्यास, मग पद्धत, मग निष्कर्ष, आणि शिफारस केलीच तर शेवटी दबकत. मेमोत पहिलंच वाक्य 'सगळ्यांना फुकट करू नका, कमी उत्पन्नवाल्यांनाच सवलत द्या', त्याखाली दोन-तीन कारणं, खर्च, कोण नाराज होईल, आणि सगळी आकडेवारी परिशिष्टात. विन्स्टन चर्चिल यांनी ९ ऑगस्ट १९४० रोजी, ऐन युद्धात, कमी शब्दांत लिहिण्याबद्दल एक टिपण काढलं होतं, त्यातही हेच मागितलं होतं की मुद्दे छोट्या नेमक्या परिच्छेदांत द्या आणि तपशील परिशिष्टात टाका. वर्गात हे टिपण वाचायला दिलं की पोरांना बरं वाटतं, कारण ते स्वतःही एका पानातच संपतं.

सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे खात्री किती आहे ते शब्दांत सांगणं, ज्याला ईएपीवाले हेजिंग म्हणतात. अकॅडमिक लिखाणात 'मे', 'सजेस्ट्स', 'अपिअर्स टू' असे शब्द शिकवतात आणि विद्यार्थी ते सगळीकडे मिठासारखे भुरभुरतात, मग वाचणाऱ्याला कळतच नाही की यांना नक्की काय माहीत आहे. पॉलिसीत हे महागात पडू शकतं. १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्याच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे असं लिहिलं होतं, आणि नंतर तिथलेच वरिष्ठ विश्लेषक शर्मन केंट यांनी अहवाल बनवणाऱ्यांनाच विचारलं की तुमच्या मनात किती शक्यता होती, तर कुणी ८० टक्क्यांच्या आसपास सांगितली आणि कुणी २० च्या! सगळ्यांनी मिळून मंजूर केलेलं वाक्य होतं ते. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीने यावर उपाय म्हणून शब्दांना आकडेच बांधून टाकले, त्यांच्या अहवालात 'लाइकली' म्हणजे ६६ टक्के किंवा त्याहून जास्त आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० किंवा त्याहून जास्त. हे दोन नमुने शेजारी ठेवले की हेजिंग कशासाठी असतं ते वेगळं समजावावं लागत नाही.

आकड्यांचं इंग्रजीही यातच येतं. बेरोजगारी ४ टक्क्यांवरून ६ वर गेली तर ती २ टक्के वाढली का? नाही, २ पर्सेंटेज पॉइंट वाढली, टक्क्यांत म्हणाल तर ५० टक्के वाढली. तसंच 'लिंक्ड टू' आणि 'लेड टू' यातला फरक. एकात दोन गोष्टी सोबत दिसल्या एवढंच, दुसऱ्यात एकीमुळे दुसरी झाली असा थेट दावा, आणि रिग्रेशनचा, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध मोजणाऱ्या आकडेमोडीचा, तक्ता बरोबर वाचणारा विद्यार्थीही इंग्रजीत लिहिताना इथे बिनधास्त घसरतो.

युक्तिवादासाठी स्टीफन टूलमिन यांची १९५८ ची चौकट वापरतात, दावा, पुरावा आणि दोघांना जोडणारा दुवा. पॉलिसीच्या एसेत बहुतेक वेळा तो दुवाच गायब असतो. एका देशात योजना चालली हा पुरावा, आपल्याकडेही चालवा हा दावा, पण इथली यंत्रणा, पैसा, लोक तसेच आहेत का यावर एक ओळ नाही. अशा वेळी लाल पेनाने 'अ', 'द' सारखी आर्टिकल दुरुस्त करत बसण्यात काही अर्थ नसतो.

पॅसिव्ह वाक्यांचंही असंच आहे. अनेक विद्यार्थी नोकरीतून आलेले असतात, वर्षानुवर्षं सरकारी फाइली लिहिलेले, त्यांना 'कारवाई करण्यात यावी' छापाची वाक्यं इंग्रजीतही सहज येतात. व्याकरण अगदी बरोबर, पण कारवाई कोण करणार, कधी, कुठल्या बजेटमधून? अमेरिकेत २०१० मध्ये प्लेन रायटिंग अ‍ॅक्ट आला तो सरकारी कागद लोकांना समजावेत म्हणून. वर्गात सोपा व्यायाम देता येतो, प्रत्येक शिफारशीला कर्ता लावा, आणि कर्ता लावता लावता कितीतरी शिफारशी गळून पडतात.

वाचनात वेगळी भानगड म्हणजे सरकारी अहवाल, जागतिक बँकेचे पेपर, थिंक टँकची टिपणं, जी जर्नलमध्ये येत नाहीत पण पॉलिसीत त्यांच्याशिवाय चालत नाही. लेखक म्हणून कुणाचं नाव द्यायचं, पैसा कुणी दिला होता, त्याने निष्कर्ष वाकतो का, हे प्रश्न शिकवावे लागतात. बोलण्याचं त्यामानाने लवकर जमतं, ब्रीफिंगमध्ये तीन मिनिटांत मुद्दा सांगणं, अडवणाऱ्याला उत्तर देणं, सरावाने होतं ते.

शिकवायची सोय तीन प्रकारे असते: कोर्स सुरू व्हायच्या आधीचा प्री-सेशनल, कोर्ससोबत चालणारा इन-सेशनल, आणि थेट पॉलिसीच्या विषयातच गुंफलेला. व्हिएन्नाच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीत यासाठी स्वतंत्र अकॅडमिक रायटिंग सेंटर आहे, टोकियोच्या ग्रिप्स या धोरण शिकवणाऱ्या विद्यापीठातही असं केंद्र आहे. तिसरा प्रकार सगळ्यात चांगला आणि सगळ्यात कमी दिसणारा, कारण त्यात भाषेचा शिक्षक आणि विषयाचा शिक्षक दोघांनी एका वर्गात बसायला लागतं. टिम जॉन्स आणि टोनी डडली-इव्हान्स यांनी बर्मिंगहॅममध्ये हे करून १९८० मध्ये त्यावर लिहिलं होतं, आणि त्यातला एक गट वाहतूक विषयाच्या पोस्टग्रॅज्युएट विद्यार्थ्यांचा होता.

यावर टीकाही आहे. सेरा बेनेश यांच्यासारख्या लोकांचं म्हणणं की ईएपी विद्यार्थ्याला फक्त जुळवून घ्यायला शिकवतं, नियम कुणी केले ते विचारायला शिकवत नाही. पॉलिसीत ही टीका जास्त झोंबते, कारण 'समस्या' कशाला म्हणायचं हे ठरवण्यातच अर्धं राजकारण असतं. आणि २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून गुळगुळीत इंग्रजी फुकटात मिळतंय, त्यामुळे नुसत्या भाषेवर मार्क देण्यात दम राहिला नाही. एकाच संशोधनाचा पेपर आणि मेमो दोन्ही करायला लावायचे, मेमोत काय गाळलं आणि का ते समोर बसून विचारायचं, अशी परीक्षा त्यामानाने टिकते, फक्त मोठ्या वर्गात ती घ्यायला शिक्षकांचा वेळ कुठून आणायचा हा प्रश्न राहतोच.