अरीतास चौथा

अरीतास चौथा : (कारकीर्द इ. स. पू. ९ – इ. स. ४०). नबातियन राज्याचा राजा. राजधानी पेट्रा, सध्याच्या जॉर्डनमध्ये. अरीतास हे ग्रीक वळणाचे रूप असून मराठी बायबलच्या वाचकांना तो याच नावाने परिचित आहे. त्याच्या स्वतःच्या शिलालेखांत मात्र ‘हारितत’ असे नाव येते आणि त्यामागोमाग, सहसा न चुकता, एक बिरुद: ‘आपल्या लोकांवर प्रेम करणारा’. शेजारच्या ज्यूडियाचा हेरोद राजा त्या काळी ‘रोमनांचा मित्र’, ‘सीझरचा मित्र’ म्हणवून घेत होता. ते पाहता हे बिरुद वरवर वाटते तितके भाबडे नाही.

नबातियन हे मूळचे अरब. लिहिताना ते अरेमाइक भाषा वापरत. पुढची अरबी लिपी त्यांच्याच अक्षरांतून घडली. दक्षिण अरबस्तानातला ऊद आणि बोळ उंटांच्या तांड्यांवरून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचवणे हा त्यांचा मुख्य धंदा, आणि राज्याची श्रीमंती त्यावरच उभी होती.

अरीतास गादीवर आला तो अडचणीतच. आधीचा राजा ओबोदास नावापुरता होता. कारभार सिलेयस हा मंत्री पाहत असे. नबातियन दरबारात मुख्य मंत्र्याला ‘राजाचा भाऊ’ म्हणण्याची रीत होती, असे स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार सांगतो. या भावाचा डोळा गादीवर होता. ओबोदास वारला तेव्हा सिलेयस रोममध्ये होता, आणि इकडे एनियस नावाच्या माणसाने अरीतास हे राजनाम घेऊन राज्य ताब्यात घेतले. परवानगी न विचारल्याबद्दल सम्राट ऑगस्टस संतापला. अरीतासाने सोन्याचा मुकुट आणि सिलेयसने ओबोदासवर विषप्रयोग केल्याचा आरोप करणारे पत्र पाठवले. आरोपाकडे ऑगस्टसने लक्ष दिले नाही आणि भेटी परत पाठवल्या. नबातियन राज्य हेरोदाला देऊन टाकावे, असेही ऑगस्टसच्या मनात होते. पण हेरोदाच्या घरातली बापलेकांची भांडणे त्याच सुमारास रोमला कळली आणि अरीतास वाचला. सिलेयसला पुढे रोममध्येच देहदंड झाला. इ. स. पू. ४ मध्ये हेरोद मेल्यावर ज्यूडियात बंड उसळले, तेव्हा सिरियाचा रोमन सुभेदार वारुस याच्या मदतीला अरीतासाने फौज पाठवली. तिने हेरोदावरचा जुना राग काढत इतकी जाळपोळ केली, की वारुसने तिला परत धाडले.

त्यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षे शांततेची होती. पेट्राचे आज दिसणारे रूप बरेचसे याच काळातले. ‘खझ्ना’ ही तांबूस वालुकाश्मात कोरलेली सुमारे ४० मी. उंचीची दर्शनी भिंत बहुतेक अभ्यासक त्याच्याच कारकीर्दीत घालतात. खझ्ना म्हणजे खजिना, पण ते नाव तिथल्या भटक्या बदू अरबांनी दिलेले. वरच्या दगडी कलशात सोने आहे या समजुतीने त्यांनी त्यावर गोळ्या झाडल्या, त्यांचे व्रण अजून दिसतात. कलश आतून भरीव आहे. २००३ मध्ये खझ्नासमोरच्या अंगणाखाली थडगी सापडली, तेव्हा ही वास्तू मृतांसाठी असल्याच्या मताला बळकटी आली. जवळचे नाट्यगृह डोंगर कापून केले आहे. ते कापताना जुनी थडगीही कापली गेली. त्यांची उघडी पडलेली दालने प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेमागे गवाक्षांसारखी दिसतात.

पेट्रातल्या थडग्यांवर लेख फारसे नाहीत. ते पाहायला सौदी अरेबियातल्या हेग्रा (मदाइन सालेह) येथे जावे लागते. तिथे कोरीव दर्शनी भागाची ९४ थडगी असून तीसहून अधिकांवर लेख आहेत. हे लेख म्हणजे दगडावर खोदलेली खरेदीखतेच. अरीतासाच्या नवव्या वर्षी, तेबेत महिन्यात, कमकम नावाच्या बाईने आणि तिची मुलगी कुलैबत हिने स्वतःसाठी व आपल्या वंशजांसाठी एक थडगे करवून घेतले. जो कोणी ते विकेल, विकत घेईल, गहाण टाकेल, भाड्याने देईल किंवा त्यात परक्याला पुरेल, त्याला दुशरा, अल्लात आणि मनोतू या देवता शाप देवोत, असे लेख बजावतो. नुसत्या शापावर भागत नसावे, कारण पुढे दंडही आहे: एक हजार ‘हारितती सेला’, म्हणजे याच राजाच्या नाण्यांत. कमकम किंवा तिच्या मुलीच्या हातचा कागद असेल तर मात्र सूट. शेवटी पाथरवटाचेही नाव आहे. मालमत्ता बायकांच्या नावावर असणे आणि त्यांचा कागद ग्राह्य धरला जाणे हेग्रात नवलाचे नव्हते.

अरीतासाची नाणी उदंड सापडतात. नबातियन नाण्यांत बहुसंख्य त्याचीच. लहानशा ब्राँझच्या नाण्यावर राजाराणीचे मुखवटे एकमेकांना खेटून असतात आणि मागे फुलीसारखी ठेवलेली दोन समृद्धीची शिंगे. आधी राणी हुल्दू, इ. स. १८ पासून शकीलत. या राजाच्या वर्षांनी काळ मोजणारे व्यापारी थेट इटलीत होते: नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरात दोघा भावांनी दुशरा देवाला दोन उंट अर्पण केले, ते अरीतासाच्या विसाव्या वर्षी.

अरीतासाची एक मुलगी गालीलचा शासक हेरोद अंतिपा (आधीच्या हेरोद राजाचा मुलगा) याला दिली होती. अंतिपाने सावत्रभावाची बायको हेरोदिया हिच्याशी लग्न करायचे ठरवले. कुणकुण लागताच मुलीने काहीच न दाखवता सरहद्दीवरच्या मखैरसच्या किल्ल्यावर जाऊ द्या म्हटले आणि तिथून एका सरदाराच्या हातून दुसऱ्याच्या हाती अशी माहेर गाठली. सरहद्दीचे भांडण आधीच होते. इ. स. ३६ च्या सुमारास झालेल्या लढाईत अंतिपाच्या फौजेचा धुव्वा उडाला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला मारल्याची ही शिक्षा, असे काही यहुदी म्हणत, हे इतिहासकार जोसेफस नोंदवतो.

टायबेरियस सम्राटाने सिरियाचा सुभेदार व्हिटेलियस याला हुकूम दिला: अरीतासाला जिवंत धरून आणा, नाहीतर त्याचे डोके पाठवा. दोन लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) पेट्राकडे निघाले. अरीतासाने पक्ष्यांचे शकुन पाहून सांगितले म्हणतात, की ही फौज पेट्राला पोहोचणार नाही. हुकूम देणारा, तो पाळणारा किंवा ज्याच्यावर ती चालून येते तो, यांपैकी एक मरेल. तिघांवर बोट ठेवणारे भविष्य चुकणे तसे कठीणच. व्हिटेलियस जेरुसलेममध्ये असताना टायबेरियस गेल्याची (मार्च ३७) बातमी आली आणि तो परत फिरला.

ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल याला दिमिष्कात (दमास्कसमध्ये) पकडण्यासाठी अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने पहारा बसवला होता आणि पौल पाटीतून तटाखाली उतरून निसटला, असे बायबलमधल्या त्याच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आहे. दिमिष्क शहर तेव्हा अरीतासाच्या ताब्यात होते, की अधिकारी तिथल्या नबातियन वस्तीचा प्रमुख होता, यावर एकमत नाही.

अरीतासानंतर त्याचा मुलगा मलिखस दुसरा गादीवर आला. राज्य इ. स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्रेजनने खालसा केले. ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तांबड्या समुद्रावरच्या लेउके कोमे बंदरातून ‘नबातियनांचा राजा मलिखस’ याच्याकडे, पेट्राला, जाणारी वाट सांगितली आहे. तो मलिखस हाच असावा. त्याच पुस्तकात पुढे सोपारा, कल्याण, तेर आणि पैठण येतात.