घरच्या घरी सुगंधी तेलांची उत्पादनं करताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सुगंधी तेल, ज्याला बहुतेक जण इसेन्शियल ऑइल म्हणतात, ते बाटलीतून थेट त्वचेवर लावायचं नसतं. ही तेलं पानाफुलांतून, लाकडातून किंवा मुळांतून वाफेवर उतरवलेली असतात. लिंबूवर्गीय फळांची बहुधा साल दाबून काढतात. झाडात विखुरलेली द्रव्यं त्यांत एकवटलेली असतात. लवंगेच्या तेलाचा मोठा भाग नुसतं युजेनॉल असतं. विंटरग्रीनचं तेल जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातलं रसायन. नैसर्गिक आहे म्हणून त्वचा त्याला सूट देत नाही. तिला कळतं ते प्रमाण.

थेंब नको, वजन करा

जुन्या कृतींमध्ये ‘१० थेंब लॅव्हेंडर’ असं लिहिलेलं असतं. एक मि.ली. म्हणजे २० थेंब धरतात, पण बाटलीचं तोंड किती बारीक आहे आणि तेल किती दाट आहे यावर तेच ३०-३५ सुद्धा होतात. संत्र्याचं पातळ तेल भराभर लहान थेंबांत पडतं, वाळ्याचं दाट तेल ताटकळत, मोठ्या थेंबात. म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घ्या. या सगळ्या सामानात आधी पैसे कशावर घालायचे असं कुणी विचारलं, तर आमचं उत्तर तेल नव्हे, काटा.

टक्केवारीचा हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम मालिश तेल २ टक्क्यांचं हवं असेल, तर ९८ ग्रॅम बेस तेल (म्हणजे ज्यात सुगंधी तेल मिसळायचं ते जोजोबा किंवा सूर्यफुलासारखं साधं तेल) आणि २ ग्रॅम सुगंधी तेल. निरोगी प्रौढ माणसासाठी आम्ही ही प्रमाणं सुचवतो: चेहऱ्यासाठी ०.५ टक्के, फार तर १. अंगाला लावून ठेवायच्या तेला-मलमासाठी १ ते २. लावून लगेच धुऊन टाकायच्या स्क्रबसाठी १. त्वचा नाजूक असेल किंवा इसब असेल, तर निम्म्यावर या किंवा सुगंध घालूच नका. बिनवासाचं मलमही उत्तम काम करतं. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी सुगंधी तेल वापरू नये असंच आमचं मत आहे. गर्भारपणात, फिट येत असल्यास किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

कमी वजनात एक अडचण येते. ३० ग्रॅम चेहऱ्याच्या तेलात ०.५ टक्के म्हणजे फक्त ०.१५ ग्रॅम. एवढं मोजताना एक थेंब जास्त पडला तरी गणित बिघडतं. यावर उपाय म्हणजे आधी एक सौम्य साठा करून ठेवायचा: १ ग्रॅम सुगंधी तेल आणि ९ ग्रॅम बेस तेल, म्हणजे १० टक्क्यांचं मिश्रण. मग २८.५ ग्रॅम बेस तेलात त्यातलं १.५ ग्रॅम घाला, नेमके ०.५ टक्के होतात. या साठ्याच्या बाटलीवर ‘१० टक्के’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर पुढच्या वेळी तेच शुद्ध तेल समजून वापरलं जातं.

सगळ्या तेलांना एकच माप लागू नाही

वर सांगितलेले २ टक्के लॅव्हेंडर, जिरॅनियम, गोड संत्रं यांसारख्या सौम्य तेलांसाठी. काही तेलांची त्वचेवरची कमाल मर्यादा याहून बरीच खाली आहे. गवती चहाचं तेल (त्यातल्या सिट्रलमुळे) ०.७ टक्के, लवंग ०.५ टक्के, दालचिनीच्या पानाचं ०.६ टक्के आणि दालचिनीच्या सालीचं तेल अवघं ०.०७ टक्के. पान आणि साल यांत जवळपास नऊ पटींचा फरक आहे, म्हणून बाटलीवर नुसतं ‘दालचिनी’ लिहिलं असेल तर ती त्वचेसाठी वापरू नका. लवंग आणि दालचिनीचं पान दोन्हींत युजेनॉलच असतं. तेव्हा दोन्ही एकत्र घालून प्रत्येकाची मर्यादा वेगळी मोजली, तर त्वचेला मात्र बेरीजच मिळते.

दुसरा गट उन्हाचा. साल दाबून काढलेल्या बर्गमॉट, लाइम, लेमन आणि ग्रेपफ्रूट यांच्या तेलांत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे राहिलेले काळपट डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात बर्गमॉट ०.४ टक्के, लाइम ०.७, लेमन २ आणि ग्रेपफ्रूट ४ टक्के ही कमाल समजा. इथेही बेरीज लागू होते: बर्गमॉट ०.२ आणि लाइम ०.३५ घातलं, की दोन्हींची अर्धी-अर्धी मर्यादा मिळून कोटा संपला. मर्यादेपेक्षा जास्त वापरलंच असेल, तर तो भाग पुढचे १२ तास उन्हापासून झाकून ठेवा. गोड संत्र्याच्या आणि वाफेवर काढलेल्या लाइमच्या तेलाला ही अडचण नाही. बर्गमॉटचंही ही द्रव्यं काढून टाकलेलं तेल मिळतं, त्याच्या नावापुढे ‘एफसीएफ’ असतं. मलमासाठी तेच घ्या.

बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणत्या भागातून काढलं ते आणि बॅच नंबर असायलाच हवा. लॅव्हेंडर नावाने विकली जाणारी सगळी तेलं सारखी नसतात. स्पाइक लॅव्हेंडरमध्ये कापूर आणि सिनिओल बरंच असतं, ते सौम्य लॅव्हेंडरच्या जागी चालत नाही. ‘थेरप्युटिक ग्रेड’ या शब्दांना मात्र फार वजन देऊ नका, त्यामागे कुठलाही स्वतंत्र सर्वमान्य दर्जा नाही. मेणबत्तीसाठी मिळणारी कृत्रिम अत्तरं वेगळी वस्तू आहेत आणि या पत्रकातली मापं त्यांना लागू नाहीत.

पाणी आलं की नियम बदलतात

घरगुती उत्पादनं बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण पाणी आहे. फक्त तेल, मेण आणि बटर (शिया बटरसारखी घट्ट वनस्पतीजन्य चरबी) यांच्या मिश्रणात जंतू वाढत नाहीत. ते फार तर खवट होतं. त्यात पाणी, गुलाबपाणी, कोरफडीचा गर किंवा कुठलाही काढा गेला, की जंतू आणि बुरशी काही दिवसांत वाढू लागतात, आणि सुरुवातीला डोळ्यांना काहीच दिसत नाही. वास, रंग, पोत बदलेपर्यंत ते उत्पादन बरेच दिवस अंगाला लावून झालेलं असतं. म्हणून पाणी असेल तिथे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारा घटक, हवंच.

इथे दोन गैरसमज आम्हाला वारंवार भेटतात. एक, व्हिटॅमिन ई प्रिझर्व्हेटिव्ह आहे. नाही, ते तेल खवट होणं लांबवतं, जंतूंना अडवत नाही. दुसरा, टी ट्रीसारखं जंतुनाशक तेल घातलं की वेगळं काही लागत नाही. त्वचेला सोसेल एवढ्या प्रमाणात ते भरवशाचं संरक्षण देत नाही, आणि संरक्षण मिळेल एवढं घातलं तर त्वचेला सोसत नाही.

दुसरी गोष्ट, सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि तेल घालून ‘वापरण्यापूर्वी हलवा’ लिहिणं पुरेसं नाही, कारण हलवणं थांबलं की तेल लगेच वर येतं. पहिले फवारे जवळजवळ नुसत्या पाण्याचे निघतात आणि तळाशी राहिलेले शेवटचे फवारे निव्वळ तेलाचे. अंगावर मारायच्या १०० ग्रॅम स्प्रेसाठी हे प्रमाण घ्या: सुगंधी तेल ०.५ ग्रॅम, पॉलिसॉर्बेट २० (तेल पाण्यात मिसळून धरणारा घटक) ४ ग्रॅम, फिनॉक्सिइथेनॉल आणि एथिलहेक्झिलग्लिसरिन असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह १ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर ९४.५ ग्रॅम.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुगंधी तेल आणि पॉलिसॉर्बेट कोरड्या काचेच्या पेल्यात एकजीव करा. मिश्रण मधासारखं पारदर्शक दिसलं पाहिजे. मग प्रिझर्व्हेटिव्ह. मग पाणी, थोडं थोडं, ढवळत. शेवटी द्रव नितळ किंवा किंचित निळसर दिसेल. दुधाळ झाला तर पॉलिसॉर्बेट कमी पडलं आहे. दाट तेलांना जास्त लागतं, पुढच्या वेळी ते थोडं वाढवा आणि तेवढं पाणी कमी करा. आधीच पाण्यात मिसळलेल्या तेलावर वरून पॉलिसॉर्बेट ओतून दुरुस्ती होत नाही. सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट वापरणार असाल, तर द्रवाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ५ च्या आसपास किंवा खाली हवा. त्यावर गेला की ही जोडी निकामी होते, म्हणून पीएचच्या पट्ट्या जवळ ठेवा.

अंघोळीच्या टबासाठीही हेच तत्त्व. पाण्यात थेट थेंब टाकले तर ते पृष्ठभागावर तरंगतात आणि अंगाला, विशेषतः नाजूक जागी, शुद्ध तेलच चिकटते. एप्सम सॉल्टमध्ये कालवूनही फरक पडत नाही: मीठ विरघळतं, तेल पुन्हा वर येतं. दूधही पुरेसं धरून ठेवत नाही. १५ मि.ली. बिनवासाच्या शॉवर जेलमध्ये ४ ते ६ थेंब नीट मिसळून मगच पाण्यात घाला. दालचिनी, लवंग, गवती चहा आणि पेपरमिंट टबात नकोच.

मलम: एक पूर्ण कृती

मधमाश्यांचं मेण १८ ग्रॅम, शिया बटर २० ग्रॅम, जोजोबा किंवा सूर्यफुलाचं तेल ६०.५ ग्रॅम, व्हिटॅमिन ई ०.५ ग्रॅम, सुगंधी तेल १ ग्रॅम. बदामाचं तेल घेणार असाल, तर वापरणाऱ्याला सुक्या मेव्याची ॲलर्जी नाही ना, हे विचारून घ्या.

उष्णता सोसणारं काचेचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण आणि तेल वितळवा. मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे भांडं थेट आचेवर ठेवण्याची काही गरज नाही. मेण पूर्ण विरघळलं की शिया बटर घाला. बटर वितळल्यावर एक थेंब थंड चमच्यावर घेऊन पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बोटाने दाबून पाहा: फार कडक वाटलं तर थोडं तेल वाढवा, फार मऊ असेल तर मेण. ही चाचणी सुगंध घालण्याआधी करायची, म्हणजे टक्केवारी हलत नाही. वजन बदललं तर सुगंधाचा हिशेब नव्याने मांडा.

आता गॅस बंद करून भांडं बाहेर काढा आणि थांबा. द्रव फार गरम असताना सुगंधी तेल घातलं तर हलका, वरचा सुगंध वाफेबरोबर जातो, आणि ज्योत जवळ असेल तर त्या वाफा पेटू शकतात. भांड्याच्या कडेला पांढुरकी पातळ साय धरू लागली, की तीच वेळ. व्हिटॅमिन ई आणि सुगंधी तेल घाला, अर्धं मिनिट ढवळा आणि लगेच कोरड्या डब्यांत ओता. डब्या लगेच फ्रिजमध्ये ठेवा. शिया बटर सावकाश थंड झालं तर त्यातले लवकर गोठणारे घटक वेगळे होऊन रवाळ कण बनतात. असं झालंच तर मलम फुकट गेलेलं नाही; पुन्हा पूर्ण वितळवून पटकन थंड करा. फक्त सुगंध थोडा उणा होईल, तो अंदाजाने वाढवू नका.

साखरेच्या स्क्रबमध्ये पाणी नसतं, पण ओल्या हातांनी ते आत जातं. एका वेळेपुरता स्क्रब कोरड्या चमच्याने वाटीत काढून घ्या. तेलामुळे न्हाणीघराची फरशी निसरडी होते, तेवढं लक्षात असू द्या.

पॅच टेस्ट आणि ॲलर्जी

तयार उत्पादन (शुद्ध तेल नव्हे) वाटाण्याएवढं कोपराच्या आतल्या बाजूला लावा. २४ तास ती जागा धुऊ नका. ४८ आणि ७२ तासांनी पाहा, कारण ॲलर्जी उशिरा उमटते. लगेच होणारी चुरचुर बहुतेकदा प्रमाण जास्त झाल्याची खूण असते आणि प्रमाण कमी केलं की थांबते. ॲलर्जी तशी नाही: शरीराने एकदा ते द्रव्य ओळखलं की पुढे अगदी थोडं लागलं तरी खाज-पुरळ येतं, आणि हे बहुधा जन्मभर राहतं. शिवाय तेच द्रव्य साबणात, शाम्पूत, अत्तरात सगळीकडे भेटतं. आज टेस्ट चांगली आली म्हणजे पुढेही ॲलर्जी होणार नाही, असं नाही. म्हणूनच कमी प्रमाण आणि ताजं तेल.

ताज्या तेलाचा आग्रह उगाच नाही. लिमोनिन आणि लिनालूल ही लिंबूवर्गीय आणि लॅव्हेंडरसारख्या तेलांतली मुख्य द्रव्यं. ती हवेशी संयोग पावली, की त्यांची हायड्रोपेरॉक्साइडं बनतात, आणि ॲलर्जी करण्यात ती मूळ द्रव्यांपेक्षा कितीतरी पुढे असतात. टी ट्रीचंही तसंच. बाटली उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. लिंबूवर्गीय, टी ट्री आणि पाइन उघडल्यापासून एका वर्षात संपवा. चंदन, वाळा, पॅचौली वर्षानुवर्षं टिकतात. बाटली अर्धी झाली की तेल लहान बाटलीत ओता, म्हणजे आत हवा कमी राहते. गडद काच, घट्ट झाकण, फ्रिज. रबरी ड्रॉपर लावून शुद्ध तेल ठेवू नका. रबर फुगतं, चिकट होतं आणि तेलात उतरतं. जुन्या तेलाला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला, तर ते त्वचेसाठी संपलं.

अपघात झाला तर

शुद्ध तेल त्वचेवर सांडलं तर बेस तेलाने पुसून मग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. मुलाने तेल प्यायलं, अगदी चमचाभर का असेना, तर उलटी करवू नका. तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा. निलगिरी, कापूर आणि विंटरग्रीन यांच्या थोड्याशा मि.ली.नेही लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून या बाटल्या कुलपात हव्यात. निलगिरी आणि पेपरमिंट लहान मुलांच्या नाका-चेहऱ्याजवळ लावू नका. घरात मांजर असेल तर टी ट्री तिच्या अंगाला किंवा ती चाटेल अशा जागी लागू देऊ नका. मांजराचं यकृत ही द्रव्यं नीट पचवू शकत नाही.

तेल पुसलेले टॉवेल गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. तेल राहिलेले टॉवेल ड्रायरमधून काढून गरम असतानाच गठ्ठ्याने ठेवले, तर ते आपोआप पेटल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

प्रत्येक डबीवर केल्याची तारीख, सगळे घटक आणि सुगंधाची टक्केवारी लिहा, भेट द्यायची असेल तर नक्कीच. विकायचं असेल तर सौंदर्यप्रसाधनांचे कायदे लागू होतात, ते आधी पाहा. एखादी कृती बिघडली आणि आम्हाला विचारायचं असेल, तर प्रत्येक घटकाचं वजन, बाटलीवरचा बॅच नंबर आणि उत्पादनाचा उजेडात काढलेला फोटो पाठवा.