पिलाटिसमधून दुखऱ्या कमरेला नेमकं काय मिळतं?

कमरेत उसण भरली, चार दिवस आडवं पडलो, गोळ्या घेतल्या, दुखणं गेलं. बहुतेकांच्या लेखी प्रकरण इथेच मिटतं. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी, आयुष्यात पहिल्यांदाच कंबर धरली होती अशा रुग्णांच्या मल्टिफिडस या स्नायूची सोनोग्राफी केली. मणक्यांना अगदी लगटून असलेला, आतला स्नायू हा. दुखणं थांबलं, माणसं कामाला लागली, तरी दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस दहा आठवड्यांनंतरही बारीकच होता. ज्यांच्याकडून त्याचे खास व्यायाम करून घेतले होते, त्यांचा मात्र लवकर भरून आला.

त्याच वर्षी त्याच विद्यापीठातून आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखी असलेले १५ जण आणि नसलेले १५ जण. कोणता स्नायू कधी जागा होतो ते टिपायला प्रत्येकाच्या पोटाच्या स्नायूंत केसासारख्या बारीक तारा घातलेल्या, आणि काम एवढंच की खूण होताच हात झटकन वर करायचा. ज्यांची कंबर ठणठणीत होती, त्यांच्यात हात उचलणारा खांद्याचा स्नायू जागा होण्याआधीच पोटातला सगळ्यात आतला थर आवळला जात होता. ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस हे त्याचं नाव. तो पोटाला आडवा वेढा घालतो. हात हलला की कण्याला हिसका बसणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असतं आणि तो बंदोबस्त करून ठेवतो. कंबरदुखीवाल्यांमध्ये हाच स्नायू उशिरा जागा होत होता. ताकदीचा प्रश्नच नव्हता, चुकत होती ती वेळ.

‘कोअर’ म्हणजे धडाला आधार देणारे पोट-कमरेचे स्नायू. या शब्दाची सगळी लाट या प्रयोगानंतरची, आणि त्या लाटेवर पिलाटिस ही व्यायामपद्धती जगभर पोचली. वास्तविक ती कितीतरी जुनी. ती घडवणारे जोसेफ पिलाटिस यांचा जन्म १८८३ सालचा, जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखचा. लहानपणी दमा आणि मुडदूस. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं. तिथल्या आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांनी झोपल्या झोपल्या व्यायाम करवले, असं सांगतात. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, आणि जॉर्ज बॅलन्चीन, मार्था ग्रॅहम यांच्यासारखे नृत्यदिग्दर्शक दुखापत झालेले नर्तक त्यांच्याकडे धाडू लागले.

खाटेची गोष्ट खरी असो वा रचलेली, पिलाटिसच्या आजच्या रिफॉर्मर या यंत्रात तीच कल्पना दिसते. लांबट चौकट, तिच्यात रुळांवर सरकणारी गादी, गादीला अडकवलेल्या स्प्रिंगा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला उठाबशा काढायला सांगितल्या तर अख्ख्या शरीराचा भार गुडघ्यावर येतो. रिफॉर्मरवर तो उताणा झोपतो, तळवे पुढच्या दांड्याला टेकवतो आणि गादी मागे ढकलतो. हालचाल उठाबशीचीच, पण भार किती घ्यायचा हे स्प्रिंगा ठरवतात. आज एक, पुढे दोन. स्प्रिंग जितकी ताणाल तितका तिचा ओढा वाढतो, आणि परत येताना गादी धाडकन आपटू द्यायची नसते. म्हणजे स्नायू लांब होता होताही भार पेलायला शिकतो. जिना उतरताना मांडीला नेमकं हेच काम असतं. पुनर्वसनात पिलाटिसची खरी कमाई मला इथे दिसते, सपाट पोटाच्या जाहिरातीत नाही.

आता पुरावा. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१५ साली कंबरदुखीवरच्या १० चाचण्यांचा, एकूण ५१० रुग्णांचा आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसता जुजबी सल्ला घेण्यापेक्षा पिलाटिसने दुखणं कमी होतं, हालचाल सुधारते. इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं मात्र दिसलं नाही. तेव्हा फिजिओथेरपिस्टने दिलेले साधे व्यायाम जो नेमाने करतो, त्याने महागड्या स्टुडिओकडे बघून हळहळायचं कारण नाही.

बसण्या-उभं राहण्याच्या ढबीचंही तसंच. ‘पोक काढू नकोस’ हे ऐकत आपण मोठे झालो, पण पोक आणि पाठदुखी यांचं नातं वाटतं तितकं घट्ट नाही. तासन्‌तास एकाच ढबीत राहणं, मग ते ताठ का असेना, पाठीला नकोसं होतं. पिलाटिसने पाठीचा दम वाढतो, आपण कसे बसलोय याचं भान येतं. तेवढं पुष्कळ आहे.

एका बाबतीत मात्र पिलाटिसचे वर्ग सर्रास निष्काळजी असतात. ‘हंड्रेड’ हा त्यातला गाजलेला व्यायाम: उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचे, पाय अधांतरी, आणि श्वासाच्या लयीत हात शंभर वेळा खालीवर. ‘रोल अप’मध्ये तर कणा गोल करत उठून बसायचं असतं. दोन्हींत मणके पुढच्या बाजूने दाबले जातात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९८४ मध्ये हाडं ठिसूळ झालेल्या, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे मणके नव्याने चेपले गेले. पुढे वाकणारे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ८९ टक्के निघालं. अभ्यास लहान होता, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पश्चिमोत्तानासनालाही हाच इशारा लागू.

म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या बाईने वर्गात नाव घालण्याआधी डॉक्टरांना विचारून हाडांची घनता तपासून घ्यावी आणि तो रिपोर्ट शिकवणाऱ्याला दाखवावा. हाडं ठिसूळ निघाली तर ‘हंड्रेड’ डोकं खाली ठेवूनही करता येतो, ‘रोल अप’ सरळ वगळायचा, आणि पालथं झोपून छाती अलगद उचलण्याचे व्यायाम वाढवायचे. रिपोर्ट बघूनही जो शिकवणारा सगळ्यांना एकच क्रम देतो, त्याच्याकडे फी भरू नये.