मिश्रांना पाडलं कुणी?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत १९६७ च्या सत्तापालटाचा विषय निघाला की गोष्ट राजवाड्यापासून सुरू होते. राजमाता विजयाराजे शिंदे भोपाळला गेल्या, मध्य प्रदेशचे काँग्रेसी मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्रांनी त्यांना बाहेर ताटकळत बसवलं, आणि तिथेच काँग्रेसचं नशीब फिरलं. माझ्या आजोबांच्या पिढीला ही गोष्ट तोंडपाठ होती. ताटकळण्याची मिनिटं मात्र सांगणाऱ्यागणिक बदलायची.

गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. १९६६ मध्ये ग्वाल्हेरला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. त्यावरून विजयाराजे आणि मिश्र यांच्यात बिनसलं. मिश्रांचा संस्थानिकांवर आधीपासूनच राग, आणि तो लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. विजयाराजेंनी काँग्रेस सोडली. १९६७ ला गुण्यातून ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाच्या तिकिटावर लोकसभा जिंकली आणि करेऱ्यातून जनसंघाच्या तिकिटावर विधानसभाही. पुढे लोकसभेची जागा सोडून त्या भोपाळात बसल्या.

तरी २९६ पैकी १६७ जागा काँग्रेसच्याच होत्या. निकालाने मिश्र पडले नाहीत, पडले ते जुलैमध्ये, गोविंदनारायण सिंह ३६ आमदार घेऊन बाहेर पडले तेव्हा. ३० जुलैला तेच संयुक्त विधायक दलाचे, म्हणजे फुटीर आणि विरोधकांच्या आघाडीचे, मुख्यमंत्री झाले, आणि दलाच्या नेत्या राजमाता. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा; तेव्हा बाकं बदलली म्हणून आमदारकी जात नसे.

पण मिश्र संपले नव्हते. खरा घाव आला दूरच्या कसडोलहून. हे गाव आता छत्तीसगडात आहे. १९६३ ची तिथली पोटनिवडणूक मिश्रांनी जिंकली होती, आणि त्याच वर्षी ते मुख्यमंत्री झाले. हरलेल्या बाजूच्या कमलनारायण शर्मांनी निवडणूक याचिका टाकली. याचिकेतला कळीचा मुद्दा रुक्ष होता : खर्च. उमेदवाराने निकालानंतर ३० दिवसांत पावत्यांसह हिशेब द्यायचा असतो. नुसता हिशेब चुकला तर तो भ्रष्ट आचार ठरत नाही. ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली तर ठरतो. म्हणजे एकेक बिल शोधून बेरजेत घालायचं आणि बेरीज मर्यादेपलीकडे नेऊन दाखवायची. हे कारकुनी काम चिकाटीने वर्षानुवर्षं चाललं. दरम्यान मिश्र मुख्यमंत्री होते, मग विरोधी बाकांवर गेले, आणि १९६७ ला दुसऱ्याच मतदारसंघातून निवडूनही आले.

मार्च १९६९ मध्ये गोविंदनारायण सिंहांनी राजीनामा दिला. नरेशचंद्र सिंह १३ दिवस मुख्यमंत्री राहिले. सत्ता काँग्रेसकडे परत येत होती, मिश्रांची पाळी होती. ऐन वेळी जबलपूरच्या उच्च न्यायालयाचा कसडोलचा निकाल आडवा आला : निवडणूक रद्द, सहा वर्षं अपात्र. २६ मार्चला शपथ घेतली श्यामाचरण शुक्लांनी. मिश्रांचं सर्वोच्च न्यायालयातलं अपीलही १९७० मध्ये फेटाळलं गेलं.

ग्वाल्हेरात ही दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही, कारण तीत राजवाडा नाही. २०२० च्या मार्चमध्ये ज्योतिरादित्य शिंद्यांच्या मागे २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथ पायउतार झाले, तेव्हाही आजीचा कित्ता नातवाने गिरवला, असंच सगळीकडे ऐकू आलं. कसडोलची आठवण कुणाला झाली नाही. निवडणूक कायद्यातल्या त्या खर्चाच्या कलमात १९७४ ला दुरुस्ती झाली आणि पक्षाने किंवा हितचिंतकांनी केलेला खर्च उमेदवाराच्या बेरजेतून वगळला गेला.