पार्श्वभूमी : सांगलीच्या ४१६४१६ या संख्येची कुळकथा

४१६४१६ हा सांगली शहराचा पिन कोड पत्त्याखाली लिहून लिहून सांगलीकरांच्या हातात बसला आहे. संख्या म्हणून त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्याशी संबंधित अधिकाऱ्यांनी, जे संस्कृत कवीही होते, आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यात पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा विभाग सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय. म्हणून ४१६ पुढे पुन्हा ४१६ येणे हा निव्वळ योगायोग होय.

तीन अंकी संख्या लागोपाठ दोनदा लिहिणे म्हणजे तिला १००१ ने गुणणे, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. खुद्द ४१६ हे ३२ × १३ असल्यामुळे आपल्या संख्येचे अवयव ३२ × ७ × ११ × १६९ असे पडतात. अशा देखण्या गुणाकारांची हौस आपल्याकडे जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात कंठ्यासारखे दिसणारे गुणाकार दिले. त्यांपैकी १५२२०७ × ७३ मधून ओळीने आठ एके निघतात. अवयव पाडण्याच्या रीतींचा स्वतंत्र विचार पुढे नारायण पंडितांनी १३५६ मधील ‘गणितकौमुदी’त केला.

अवयवांवरून संख्यांची प्रतवारी लावण्याची कल्पना ग्रीक निकोमाखसाकडे, म्हणजे इ. स. १०० च्या आसपास जाते. ४१६४१६ ला ७२ विभाजक आहेत. स्वतःला वगळून उरलेल्यांची बेरीज ६,९०,३६८ भरते, ती संख्येहून मोठी असल्याने ही विपुल संख्या ठरते.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांची वर्गवारी वेगळ्या जातीची आहे. अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या त्यांनी हर्षद म्हटली. परदेशात तिला इव्हान निव्हेन यांचे नाव मिळाले, हे कापरेकरांवर थोडे अन्यायाचेच झाले. ४+१+६+४+१+६ = २२, आणि ४१६४१६ ÷ २२ = १८९२८; म्हणजे सांगली हर्षद. शेजारच्या मिरजेच्या ४१६४१० ची बेरीज १६ येते, पण १६ ने भाग जात नाही. हा गुण मात्र दशमान लेखनावर अवलंबून आहे. हीच संख्या बाराच्या पायावर मांडली तर अंकांची बेरीज ३३ होते, तिने भाग जात नाही आणि ४१६ ची पुनरावृत्तीही दिसत नाही. विपुलता तेवढी कोणत्याही पायावर टिकते.

१९८२ मध्ये अल्बर्ट विलान्स्की यांनी आपल्या स्मिथ आडनावाच्या मेहुण्याच्या ४९३७७७५ या टेलिफोन क्रमांकावरून स्मिथ संख्या हा आणखी एक वर्ग काढला: संख्येतील अंकांची बेरीज आणि तिच्या मूळ अवयवांतील अंकांची बेरीज सारखी हवी. त्या क्रमांकात दोन्ही ४२ येतात. सांगलीच्या बाबतीत त्या २२ आणि २७ येतात, तेव्हा त्या वर्गात ती बसत नाही.